कंबरवेढा

दोर वळणाऱ्याच्या घरातलं मूल आधी पुढे चालायला शिकतं आणि मग मागे. काडीही तशीच शिकली होती, बापाचं बोट सोडून, हसत हसत, दोनदा पाठीवर आपटून. पण तो खेळ होता. मग चाकाच्या आकड्यात बापाचा उजवा हात सापडला, दोन बोटं कायमची ताठ झाली, आणि खेळाचं काम झालं.

"एक हंगाम," दोरवाला तेव्हा म्हणाला होता. "एवढा एकच हंगाम माझ्याबरोबर काढ. मग परत शाळा. शब्द आहे माझा."

तो हंगाम गेला. दुसरा लागला. बोटं काही वाकली नाहीत, आणि शब्दाचा विषय घरात कुणी काढला नाही. काडीनेही नाही.

घरामागे दोराची वाट होती. झाडांच्या दोन ओळींमधून सरळ गेलेली, इतकी तुडवलेली की गवत तिच्यावर उगवायचंच विसरून गेलं होतं. एका टोकाला चाक. चाकापाशी बाप बसायचा, डाव्या हाताने फिरवायचा. काडी कंबरेला वाख गुंडाळायची, तागाचा विंचरलेला, सोनेरी, माणसाच्या केसांसारखा मऊ. त्याचं टोक आकड्यात अडकवायची आणि मागे मागे चालत जायची. चालताना बोटांनी वाख सोडत राहायचं. चाक त्याला पीळ देतं, आणि पोरगी जेवढी लांब जाईल तेवढी सुतळी लांब होते. सुतळ्यांचे पेड, पेडांचा दोर. पोरगी लांब जाता जाता अंगठ्याएवढी दिसायला लागायची. मग तिचं गाणं तेवढं यायचं:

चाक फिरे गरगरा, मागे चाले पोर,
वाटेएवढा लांब माझ्या बाबाचा दोर.

हल्ली गाणं येत नव्हतं. होड्या पाण्यात उतरायला थोडेच दिवस राहिले होते. नाववाल्याचे दोर त्याआधी द्यायचे होते, आणि हवा अशी कोंदट की वाख हातालाच चिकटायचा. काडी अर्ध्या वाटेत थांबायची. सुतळी ढिली पडायची, चाक रिकामं फिरायचं.

"काडे! उभ्या उभ्या झोपलीस का?"

"चालतेय ना!" लांबून आवाज.

"गोगलगाय पुढे निघून गेली तुझ्या, मी बघितली!"

"मग तिलाच बांधा वाख!"

दोरवाला हसला. पलीकडे खिळ्यांच्या फळीवर वाख विंचरणारी काडीची आई मात्र हसली नाही.

"लाडावून ठेवलीय नुसती. सकाळी हलवल्याशिवाय उठत नाही. एक दिवस अन्नाला तोंड लावत नाही, दुसऱ्या दिवशी पातेलं खरवडते."

"वाढतं वय आहे गं."

"वाढतं वय माझंही होतं. मला कुणी विचारलं नाही."

खरं तर दोरवाल्याला पोरीचं कौतुक होतं. पूर्वी ती थोडा थोडा वाख घ्यायची आणि संपला की परत यायची. आता सकाळीच भला मोठा वेढा बांधून घ्यायची, म्हणजे खेप वाचते. जेवतानाही सोडायची नाही. "पुन्हा कोण गुंडाळणार?" म्हणायची. बाप चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगायचा, "हाडांची काडी आहे, पण कामाला वाघ." तागाच्या त्या वेढ्यात ती मुळीच काडी दिसत नव्हती, चांगली भरलेली दिसायची. त्याचंही त्याला बरं वाटायचं.

नाववाला एका दुपारी आला. तयार दोराची गुंडाळी त्याने पायानेच उलगडली, एका ठिकाणी अंगठा घातला आणि पेड फाकवले.

"हे काय आहे?"

"दमट हवा आहे मालक, थोडं..."

"बोट जातंय आरपार. इथे गाठ, इथे ढिला. या दोराला माझी माणसं वादळात लटकणार? तुझी बायको सुद्धा यावर कपडे वाळत घालणार नाही." त्याने दोर मातीत टाकला. "पोरीबाळींच्या हातचं काम मला नको. गडी लाव, नाहीतर सांग, मी दुसरा दोरवाला बघतो."

तो गेला. दोरवाला काही वेळ मातीतला दोर बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा दोर कुणी खाली टाकला होता. मग तो तरातरा वाटेने निघाला. काडी टोकाला झाडाला टेकून उभी होती.

"वाख ओला आहे की तुझं लक्ष नाही? बघू इकडे."

"नको बाबा."

"नको काय? आण."

"बाबा, नको ना."

त्याने वेढ्याचं टोक धरलं आणि ओढलं. वाख गुंडाळायची रीतच अशी असते की टोक धरलं की कुठे न अडकता सुटत जावा. रीत त्यानेच तिला शिकवली होती. एक फेर सुटला, दुसरा सुटला. काडीने हात पोटावर धरले, पण वाख तिच्या हातांखालून निसटत राहिला आणि पायांपाशी सोनेरी ढीग होत गेला. शेवटचा फेर पडला तेव्हा तिच्या अंगात बापाचाच जुना सदरा होता, आणि तो पोटावर ताणून बसला होता.

दोरवाल्याचा हात तसाच हवेत राहिला.

काडी त्याच्याकडे बघत नव्हती. खाली बघत होती, मार खायला उभं राहिलेलं लेकरू बघतं तसं. तिच्या मानेवर घाम होता. झाडाच्या सालीचे दोन तुकडे केसांत अडकले होते. त्याला आधी ते तुकडेच दिसत राहिले.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारणीची चाहूल लागली. दोन्ही हातांत बादल्या, तोंडाचा पट्टा सुरूच. "काय दोरवाले, झाला का मोठा दोर? नाववाला फणफणत गेला म्हणे!"

दोरवाला खाली वाकला. वाख उचलला आणि पोरीच्या कंबरेभोवती परत गुंडाळायला लागला. ताठ बोटांत टोक धरवत नव्हतं. तो दातात धरून दुसऱ्या हाताने फेर देत होता.

"नीट उभी राहा," तो पुटपुटला. लहानपणी तिच्या बुटांची नाडी बांधताना म्हणायचा, अगदी तसंच. मग मोठ्याने, "होतोय, होतोय! दोर काय, होतोय!"

काडी तेव्हा रडली. आवाज न करता, खांदे हलवून.

*

आईने आधी एक ठेवून दिली. मग त्याच हाताने पोरीचं तोंड जवळ ओढलं आणि आपल्या खांद्यात दाबलं, आणि तशीच बोलत राहिली, "मेले मी, मेले, काय केलंस हे."

"कळलं कसं नाही तुला? पाळी चुकली तेव्हा सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"थंडीत. तू विंचरत होतीस. तू म्हणालीस, कामाने होतं असं, माझीही चुकायची, येईल आपोआप." काडीने नाक पुसलं. "मग मी वाट बघत राहिले."

आईचा हात पोरीच्या पाठीवरच थांबला. तिला ते बोलणं आठवत होतं. वर बघितलंही नव्हतं तिने तेव्हा.

"आणि पोट दिसायला लागल्यावर?"

"तेव्हा भीती वाटली."

कोण, ते विचारायला फार वेळ लागला नाही. ताग कुजवायच्या तलावावरचा मुलगा. तलाववाल्याचा धाकटा, सोळा वर्षांचा, अजून आवाज फुटतोय. काडी आठवड्याला वाखाचे भारे आणायला जायची. तिच्या वयाचं वाटेवर दुसरं कुणी नव्हतंच. शाळेतल्या मैत्रिणी आधी यायच्या, मग येईनाशा झाल्या. तो मुलगा तिची वाट बघायचा. भारे सुकवायच्या छपराखाली बसून दोघं बोलायची.

"जबरदस्ती केली का त्याने?" आईने तिचे दोन्ही खांदे धरले.

"नाही. मला तो आवडायचा." मग जरा थांबून, "तो मला विचारायचा, आज काय काय झालं म्हणून. दर वेळी."

दोरवाला उंबऱ्यात पाठमोरा बसला होता. दिवसभर पोरगी त्याच्या समोर असायची, डोळ्यांपुढे. दोराच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. चाल मंद झाली की त्याच्या हाताला कळायचं. दिवस कसा गेला, हे मात्र त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. एकत्रच तर असतो, विचारायचं काय, असं वाटायचं.

*

दवाखान्यात बाकावर तिघं ओळीने बसली. काडी मध्ये. वाख नव्हता, आईची जाड चादर अंगाभोवती होती, आणि त्या उकाड्यात चादर घेतलेली ती एकटीच असल्यामुळे सगळे तिच्याकडेच बघत होते.

नर्सबाई जाड भिंगाच्या आणि मऊ हातांच्या होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला. पापणी खाली ओढून बघितली. पाय दाबून बघितले. बोटाचा खळगा तसाच राहिला.

"वय?"

"अठरा," आई पटकन म्हणाली.

नर्सबाईंनी चष्म्यावरून काडीकडे बघितलं. काडीने आईकडे. दोरवाला भिंतीकडे बघत होता. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, नको तितकं गुटगुटीत.

"अठरा म्हटलं की मी मोठ्या बाईसारखे उपचार करणार," नर्सबाई म्हणाल्या. "बघा, नीट आठवा."

"पंधरा," दोरवाला म्हणाला. "सोळा पूर्ण व्हायचीत अजून."

"अहो!"

"पंधरा वर्षांची आहे ती."

नर्सबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. "मला हे वर कळवावं लागेल. तिथल्या एक बाई येतील, पोरीशी एकटीशी बोलतील, त्या मुलाच्या घरीही जातील. घाबरू नका. पण त्याच्याआधी हे ऐका. आता दुसरं काही करायची वेळ निघून गेलीय. रक्त कमी आहे, दाब जास्त आहे. ही स्वतःच अजून वाढतेय, आणि आत दुसरं वाढतंय. एका ताटात दोन भुकेली पोरं बसलीत, असं समजा. काम बंद. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एक क्षण थांबायचं नाही, इकडे आणायचं. घरी बाळंतपण करायचा विचार सुद्धा नको." मग त्या काडीकडे वळल्या. "आणि बाळा, तुला काही विचारायचंय?"

कुणी तिला काही विचारायचंय का, असं विचारेल असं काडीला वाटलंच नव्हतं.

"दुखतं का खूप?"

"दुखतं," नर्सबाई म्हणाल्या. "पण मी असेन."

परतताना घराजवळ आल्यावर आईने काडीच्या अंगावरची चादर ओढून घेतली आणि आपल्या हातावर टाकली. "उकडून मरशील," म्हणाली.

*

तलाववाला स्वतःच आला, बायको आणि मुलगा घेऊन. त्यांच्या घरीही वरच्या बाई येऊन गेल्या होत्या. तिघांच्याही अंगाला कुजलेल्या तागाचा वास होता, धुवून न जाणारा. मुलगा दारातच थांबला. त्याच्या ओठांवर नुसती लव होती.

"झालं ते झालं," तलाववाला म्हणाला. "आम्ही पळून जाणारी माणसं नाही. पोरीला आणून सोडा आमच्याकडे. नातं जुळवून टाकू. लोकांची तोंडं बंद होतील, आणि त्या बाईंचीही."

"बाळंतपण झाल्यावर..." काडीच्या आईने सुरुवात केली.

"आत्ताच सोडा. तलावावर हात कमीच पडतात. पोटुशी आहे म्हणून काय झालं, मीही कंबरभर पाण्यात उभी राहून दोन पोरं काढली," तलाववाल्याची बायको म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. तिच्या पायांची बोटं पाण्याने पांढरी, सुरकुतलेली होती आणि ती कायमच तशी असायची. "शिकेल हळूहळू."

काडीच्या आईने दोरवाल्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती: हो म्हणा, संपवा. ती स्वतः सोळाव्या वर्षी या घरात आली होती. त्याच वर्षी दोर वळायला शिकली, पुढच्या वर्षी आई झाली. तिचं झालंच होतं ना सगळं नीट?

दोरवाल्याला पटकन बोलायची सवय नव्हती. त्याने ताठ बोटं दुसऱ्या हाताने चोळली. मग आत हाक मारली, "काडे, बाहेर ये."

ती आली. मुलाकडे बघितलं, त्याने मान खाली घातली.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"पोरीला काय विचारता?" तलाववाला हसला.

"तुझं काय म्हणणं आहे, सांग."

काडी अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "त्या पाण्याचा वास मला सहन होत नाही," ती म्हणाली. एवढंच बोलेल असं वाटलं. मग एकदम, घाईघाईने, "बाबा, तुम्ही एक हंगाम म्हणाला होता."

खोलीत कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. तलाववाला म्हणाला, "कसला हंगाम?"

दोरवाल्याला मात्र लागला. इतके दिवस त्याला वाटत होतं, पोरगी विसरली. ती विसरली नव्हती, फक्त वाट बघत होती, पाळीची बघितली तशीच, न बोलता.

"पोरगी इथेच राहील," तो म्हणाला.

"आणि मूल?"

"तेही."

"अहो, लोक..." काडीची आई म्हणाली.

"लोकांना चाक फिरवायला बसव. इथे आणून बसव एकेकाला, मग बोलतील त्यांना बोलू दे." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तिला मी शाळेत घालणार आहे. मी शब्द दिलाय."

तलाववाल्याने बराच वेळ समजावलं, मग आवाज चढवला, मग उठला. निघताना मुलगा उंबऱ्यात अडखळला. "काका, मी... मी येऊन बघू शकतो का? बाळाला?"

दोरवाल्याने त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. भित्रं, लांब हातापायांचं पोर.

"ये," तो म्हणाला. "पण दिवसा ये, आणि दारातून ये."

*

त्या रात्री दोरवाल्याचं आणि बायकोचं भांडण झालं. सकाळी दोरवाला चाकापाशी आला तेव्हा वाटेवर काडीची आई उभी होती. सगळा वाख तिने स्वतःच्या कंबरेला गुंडाळला होता, वाकडातिकडा.

"बघता काय? फिरवा."

"तुला जमेल?"

"तुमच्या घरात आले तेव्हा मागे चालूनच दाखवलं होतं ना तुमच्या आईला? फिरवा म्हणते ना."

पंधरा वर्षांत ती मागे चालली नव्हती. दोनदा झाडावर आदळली. दुसऱ्या वेळी काडी दारातून खुदकन हसली, आणि आई लांबून ओरडली, "हस, हस! तुझ्यामुळेच!" पण आवाजात राग नव्हता. काडी दारात बसून असायची, पाय पाटावर, पोट सगळ्यांना दिसेल असं. शेजारीण बादल्या घेऊन रोज जरा हळू जायची. नाववाल्याने अर्धे दोर दुसरीकडून घेतले. उरलेले नेताना त्याने काडीला बघितलं, तोंड उघडलं, मग तिच्या आईच्या कंबरेवरचा वाख बघितला आणि अंगठा दोरात घातला. अंगठा गेला नाही. तो दोर उचलून निघून गेला.

मग एका पहाटे काडी म्हणाली, "आई, दिव्याभोवती काजवे दिसतायत." दिवा लावलेलाच नव्हता.

टपरीवाल्याच्या गाडीत घालून तिला नेलं, दवाखान्यातून पुढे मोठ्या इस्पितळात. नर्सबाई म्हणाल्या होत्या तशा तिच्याबरोबर होत्या. काडीचं अंग दोनदा धनुष्यासारखं ताणलं. नंतर दार बंद झालं. बाहेर काडीची आई भिंतीला डोकं टेकून बसली होती. "मी तेव्हा वर बघायला हवं होतं," ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा. "ती सांगत होती, मी वर बघायला हवं होतं." दोरवाला तिच्या शेजारी बसला आणि तिचा हात आपल्या वाकड्या हातात घेऊन राहिला. चारचौघांत त्याने तो कधी घेतला नव्हता.

मुलगी झाली. वेळेआधीची, तळव्यात मावेल एवढी, रडण्याऐवजी मांजरासारखी चिरकणारी. ती काचेच्या पेटीत होती. काडी पांढऱ्या चादरीत, चादरीसारखीच पांढरी. डोळे उघडल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "आई गं." आणि तिची आई म्हणाली, "आहे, आहे, इथेच आहे." आजी झाल्याचं तिच्या बरंच नंतर लक्षात आलं.

*

शाळेतल्या मोठ्या बाईंनी दोन फेऱ्यांत नाही म्हटलं. तिसऱ्या फेरीला नर्सबाई बरोबर आल्या. "वर्गातल्या बाकीच्या मुलींवर काय परिणाम होईल?" मोठ्या बाई म्हणाल्या. नर्सबाई म्हणाल्या, "चांगला होईल. मीच येते महिन्यातून एकदा, बोलते सगळ्यांशी, मुलांशीही. हिला कुणी आधी सांगितलं असतं तर?" मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि मग काडीला मागच्या बाकावर जागा दिली.

पहिल्या दिवशी काडी दुपारीच घरी आली, पुस्तकं छातीशी घट्ट धरून. सदऱ्यावर दुधाचे दोन ओले डाग होते. "सगळी हसली. मी नाही जाणार परत."

आईने जुन्या सुती कापडाच्या घड्या केल्या, मऊ, चौकोनी. कशा ठेवायच्या ते दाखवलं. "माझेही भिजायचे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. मला कुणी घड्याही दिल्या नव्हत्या." मग पोरीची हनुवटी वर केली. "आणखी काय काय झालं आज? सगळं सांग. मी ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी काडी गेली.

मधल्या सुट्टीत दोरवाला बाळाला घेऊन शाळेच्या भिंतीपाशी उभा राहिला. टोपरं घातलेलं, गाठोड्यात गुंडाळलेलं. दोन पोरं भिंतीवरून डोकावली, तशी त्याने म्हटलं, "काय रे, कधी बाळ बघितलं नाही? या, बघा. पण हात धुऊन या." पोरं पळाली. काडी धावत आली, भिंतीच्या सावलीत पाठ करून बसली आणि बाळाला सदऱ्याखाली घेतलं. दोरवाला तिच्या आणि मैदानाच्या मध्ये उभा राहिला, तोंड मैदानाकडे, पाय फाकवून, पहारेकऱ्यासारखा.

"काय शिकवलं?" त्याने न वळता विचारलं.

"नकाशा. नद्या कुठून कुठे जातात ते."

"आणि?"

"आणि एक गणित मला आलं, कुणालाच आलं नव्हतं."

"हं," दोरवाला म्हणाला, आणि मैदानाकडे बघत हसला.

घंटा झाली. काडी उठली, सदरा नीट केला, बाळाला त्याच्याकडे दिलं, आणि तरीही उभीच राहिली.

"हिला ढेकर नाही आला अजून."

"मी काढतो. तू जा."

"खांद्यावर घ्या. हळू थोपटा. नाहीतर ओकते."

"अगं, तुला मीच वाढवलंय. जा, बाई ओरडतील."

ती गेली. दारापाशी एकदा वळून बघितलं आणि आत शिरली. दोरवाला भिंतीच्या कडेकडेने येरझारा घालत ताठ बोटांनी बाळाची पाठ थोपटत राहिला. आतून पोरांचा एका सुरातला आवाज यायला लागला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग त्याच्या कानापाशी ढेकर आला, एवढ्याशा जिवाच्या मानाने भलताच मोठा, पोटभर जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा.

"वा," दोरवाला म्हणाला. "चला घरी."